कोंबड्या, कोयना आणि माझं शेपूट

'मुलगा वर्तमानपत्रात आहे' एवढंच माझ्या सासरेबुवांना सांगण्यात आलं होतं. त्यामुळे मंगलची, म्हणजे माझ्या बायकोची, समजूत झाली की नवरा मंत्र्यांना अडचणीचे प्रश्न विचारत असणार. लग्नानंतर पंधरा दिवसांनी तिने माझं छापून आलेलं पहिलं लिखाण वाचलं. गाढवाने नवरदेवाची अंगठी गिळल्याची बातमी होती. तिने पेपरची व्यवस्थित घडी केली आणि विचारलं, "अहो, अंगठी सापडली का पुढे?" मी म्हटलं, "ते आलेल्या तारेत नव्हतं." ती म्हणाली, "मग एवढं लिहिलंत कशाला?"

इतक्या वर्षांत माझ्या कामाची याहून नेमकी समीक्षा कुणी केलेली नाही.

नव्वदच्या दशकात मी साताऱ्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. अंक सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत जायचा. उपसंपादक हा शब्द ऐकायला भारदस्त आहे, पण काम शिंप्याचं. दुसऱ्यांनी पाठवलेलं कापड जागेच्या मापात कापायचं. माझ्याकडे चौथ्या पानावरची 'जगाची गंमत' ही चौकट होती. टेलिप्रिंटर दिवसभर खडखड करत कागदाचं भेंडोळं ओकायचा. त्यातल्या युद्ध, अर्थसंकल्प आणि क्रिकेट या गोष्टी वरिष्ठ उचलायचे. उरायचं ते माझं: सत्तावीस मांजरींच्या नावे घर करणारी बाई, चौकोनी कलिंगडं, झोपेत गाणारा न्यायाधीश. त्याला विज्ञानाचा थोडा मुलामा दिला की चौकट तयार. लोक पेपर उघडल्यावर आधी निधनवार्ता आणि मग माझी चौकट वाचत. दोन्ही ठिकाणी आपलं नाव नाही याचं समाधान होत असावं.

या चौकटीचा एक नियम होता. आमचे मालक आणि संपादक एकच, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. अण्णांचं म्हणणं, परदेशातली बातमी आपल्या वाचकाला परकी वाटता कामा नये. म्हणून शेवटी एक ओळ आपल्या मुलखाची जोडायचीच. तिला ऑफिसात 'शेपूट' म्हणत. चौकोनी कलिंगडं जपानात पिकली, तर शेपूट असायचं, 'आपल्या नदीकाठच्या बागायतदारांनीही विचार करावा.' झोपेत गाणारा न्यायाधीश तिकडचा, पण 'असे कलावंत आपल्या वाईतही असतील.' तीन पत्रं आली होती त्यावर वाईहून. पान छपाईला सोडायच्या वेळी अण्णा केबिनमधून ओरडायचे, "शेपूट लावलंस का?" मी लावायचो. त्या कलेत माझा हात धरणारा कुणी नव्हता, असं मी आजही म्हणतो. इथेच सगळा घोळ आहे.

दशक संपत आलं तेव्हा ऑफिसात इंटरनेट आलं. आलं म्हणजे अण्णांच्या केबिनमध्ये आलं. तिथला फोन कुलपातला होता. डायलवर चिमुकलं पितळी कुलूप, किल्ली अण्णांच्या खिशात. आता फोनची तार पुण्याला जोडून मग जग दिसणार, म्हणजे एसटीडीचं बिल. मला रोज दुपारी वीस मिनिटं मिळायची. अण्णा घड्याळ काढून शेजारी बसायचे. मोडेम आधी शिट्टी मारायचा, मग खोकायचा, मग गिरणीचा पट्टा सुटल्यासारखा आवाज करून गप्प व्हायचा. चित्र वरून खाली उतरायचं. एकदा एका शास्त्रज्ञाचा फोटो बघायला घेतला, वीस मिनिटांत तो मिशीपर्यंत पोचला. हनुवटी मी आजतागायत पाहिलेली नाही.

पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं होतं, "हे सगळं छापतं कोण?"

"ज्याला वाटेल तो."

"तपासतं कोण?"

"कुणी नाही, अण्णा. हीच तर मजा आहे. परवाना नको, संपादक नको. स्वातंत्र्य."

अण्णांनी घड्याळावरची नजर पडद्याकडे वळवली. "संपादक नको म्हणतोस," ते म्हणाले. "जपून."

मी जपलो नाही. टेलिप्रिंटरची तार निदान दहा हातांतून आलेली असायची. इथे जगातला प्रत्येक माणूस थेट माझ्याशी बोलत होता, आणि मला ते फार आवडलं. त्यात एके दुपारी न्यूझीलंडच्या एका आजोबांचं पान सापडलं. आजोबांनी चौदा कोंबड्या पाळल्या होत्या. धरणीकंपाआधी कोंबड्या खुराड्यात शिरायला तयार नसतात, असा त्यांचा सिद्धांत. रोज संध्याकाळी किती आत गेल्या, किती बाहेर राहिल्या, याचा तक्ता पानावर होता. खाली भाकीत होतं: मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्याअखेर, रविवारच्या सुमारास, डोंगराळ आणि मोठा जलाशय असलेल्या भागात जमीन हादरेल.

वीस मिनिटं संपली. मी बातमी लिहिली. आजोबा स्वतःला 'निरीक्षक' म्हणवत होते. चौकटीत तो शब्द मिळमिळीत वाटला, म्हणून मी त्यांना 'ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञ' केलं. तेवढ्यात केबिनमधून आवाज आला, "शेपूट?" आणि माझ्या हातून हे उतरलं: 'डोंगराळ भाग आणि मोठा जलाशय म्हटल्यावर आपली कोयनाच डोळ्यांसमोर येते. तिथल्या पाटणकरांनी आपापल्या कोंबड्यांवर नजर ठेवायला हरकत नाही.'

कोयनेच्या खोऱ्यात जमीन अधूनमधून हलतेच. सदुसष्टचा मोठा भूकंप ज्यांनी पाहिला, ते बारक्या धक्क्याला मानही वर करत नाहीत. पण माझी बातमी छापलेली होती, वर शास्त्रज्ञाची होती.

चार दिवसांनी एक गृहस्थ ऑफिसात आले. पांढरी विजार, डोक्याला टोपी, तळहात सिमेंटने कायमचे राखाडी झालेले. पाटणजवळच्या एका गावचे बाबूराव गवंडी. त्यांनी खिशातून माझ्या चौकटीचं कात्रण काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"ह्ये कुणी लिवलंय?"

"मी. आवडलं का?"

"लय आवडलं," बाबूराव म्हणाले. "माझ्या पोरीचं लगीन मोडाय लागलंय त्येच्यानं."

त्यांच्या मुलीचं, सुरेखाचं लग्न नेमकं त्याच रविवारी होतं. दारातच मांडव. मुलगा सांगलीकडच्या आष्ट्याचा, वडिलांचं कापडाचं दुकान. त्यांना सगळे आबा म्हणायचे. आबांनी माझी चौकट वाचली आणि निरोप धाडला: लग्न आष्ट्यात करा, नाहीतर दिवाळीनंतर बघू.

"मग आष्ट्यात करा," मी म्हटलं.

"आवं सायेब, गावजेवणाची पत्रिका गेलीया. आन् दिवाळीनंतर बघू म्हंजी काय, कळतं का तुमास्नी? दुसरी बघत्याल." बाबूरावांनी कात्रणाची घडी घातली. "ह्यो जावई पोरीला शाळंत नोकरी करू देणार हाय. डीएड झालीया ती. असा दुसरा मला घावायचा न्हाई."

"पण बाबूराव, कोंबड्यांवरून भूकंप कळतो हे तुम्हाला तरी पटतं का?"

"मला न्हाई पटत. पर गावात गेला म्हैनाभर कोंबड्या खुराड्यात जाईनात, ते खरं हाय."

"का जात नाहीत?"

"पिसवा झाल्यात्या. उन्हाळ्यात हुत्यातच. आमची मंडळी सांगून दमली सगळ्यांस्नी. पर तिचं काय पेपरात आलेलं न्हाई."

मी त्यांना चहा दिला आणि अण्णांकडे गेलो. अण्णांनी सगळं ऐकलं, आणि कधी नव्हे तो आवाज न चढवता म्हणाले, "तुझं इंटरनेट बंद. आजपासून हात लावायचा नाही. कुणीही उठावं, काहीही लिहावं, आणि तू त्याला शेपूट लावावंस."

"शेपूट तुम्ही मागितलं होतं, अण्णा."

"मी शेपूट मागितलं होतं. पाटणचं नाव मागितलं नव्हतं."

हे खरं होतं. मग मीही माझं म्हणणं मांडलं. टेलिप्रिंटरवरून आलेली बातमी चुकली तर विचारायचं कुणाला, हे कधी कळायचं नाही. गाढवाच्या अंगठीचं पुढे काय झालं, ते मी कुणाला विचारणार होतो? या पानाखाली मात्र आजोबांचा ई-मेलचा पत्ता होता. त्यांनाच विचारता येत होतं. अण्णांनी खिसा चाचपला, कुलूप काढलं. "दहा मिनिटं," म्हणाले.

मी माझ्या शाळकरी इंग्रजीत लिहिलं की महाराज, आपल्या कोंबड्यांमुळे आमच्याकडे एक लग्न मोडतंय. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर. न्यूझीलंडहून साताऱ्याला एका दिवसात. जवळच्या उंब्रजहून पोस्टकार्डाला तीन लागायचे. आजोबांनी लिहिलं होतं, 'प्रिय मित्रा, कोयना कुठे आहे? मी माझ्या घरामागच्या डोंगराविषयी लिहिलं होतं. तिथे एक तळं आहे, मी त्याला जरा कौतुकाने मोठं म्हटलं. मी शास्त्रज्ञ नाही. मी घड्याळं दुरुस्त करत असे. मुलीला आशीर्वाद. लग्न दुपारी असेल तर सावली भरपूर ठेवा.'

इतका सरळ माणूस. त्याला मी ज्येष्ठ भूगर्भशास्त्रज्ञ केलं होतं.

आम्ही खुलासा छापला. अण्णांच्या मते खुलासा म्हणजे स्वतःच्या कानाखाली स्वतः मारणं, म्हणून तो तीन ओळींत, दशक्रियेच्या जाहिरातींखाली. व्हायचं ते झालं. ज्यांनी मूळ बातमी वाचली नव्हती त्यांनी खुलासा वाचला, आणि मूळ अंक शोधायला सुरुवात केली. आष्ट्याला आबा म्हणाले, "सरकारनं दाब टाकला असणार."

बाबूराव पुन्हा आले. या वेळी आबांना घेऊनच. आबा म्हणजे झुपकेदार मिशा, इस्त्रीचा सदरा, हातात छत्री. मी त्यांना आजोबांचं पत्र दाखवलं, भाषांतर करून वाचलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"ह्ये पण त्या कॉम्प्युटरातच आलंय न्हवं?"

"हो."

"आन् पयलं बी त्यातच आलं हुतं?"

"हो."

"मग ह्येच खरं कशावरनं?"

इतक्या वर्षांत मी हा प्रश्न जगातल्या एकाही बातमीला विचारला नव्हता. आबांनी छत्री गुडघ्यावर आडवी ठेवली.

"आमी अडाणी न्हाई वो. पर आमच्या घरातली चाळीस माणसं मी तिकडं न्हेणार. तुमाला खात्री हाय का?"

"शंभर टक्के."

"मग तुमी या. एकटं न्हाई, बायकापोरं घेऊन. मांडवात न्हाई, घरात, स्लॅबखाली आमच्या पंगतीला बसायचं. तुमची मंडळी बसली तर आमची बसत्याल."

बाबूरावांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती आणि थोडा अपमानही. "स्लॅब माझ्या हातचा हाय," ते आबांना म्हणाले. "सदुसष्टला बापाचं घर पडताना बघितलंय मी. त्येच्यानंतर बांधलाय. सायेब आलं न्हाईत तरी तो पडायचा न्हाई."

"येतो," मी म्हटलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा मंगल भाकरी थापत होती. "म्हणजे चूक तुमची, आणि तारण आम्ही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आहेर काय न्यायचा?"

रविवारी आम्ही चौघं एसटीने पाटणला उतरलो. ऊन मी म्हणत होतं. मंगलाष्टकं मांडवात निर्विघ्न पार पडली. प्रत्येक 'सावधान'ला मी जमिनीकडे बघत होतो. मग आबांच्या अटीप्रमाणे मानाची पंगत घरात बसली. एका ओळीत आष्टेकर, समोरच्या ओळीत मधोमध मी, मंगल आणि दोन्ही मुलं. आम्हाला असं निरखत होते, जसं औषध आधी मांजराला पाजून बघतात. मी मुद्दाम मोठ्याने बोलत होतो, जिलबी मागून घेत होतो, छताकडे बघून कौतुकाने मान डोलावत होतो.

जिलबीचा दुसरा घास तोंडाशी असताना लांबून ट्रक यावा तसा घुमारा आला. पाण्याच्या तांब्यात वलयं उठली. मांडणीवरची भांडी एकमेकांना खुणावल्यासारखी किणकिणली.

पुढचं मला आठवतं ते असं: मी मांडवापलीकडे अंगणात होतो. अनवाणी, उन्हात, हातात जिलबी. घरात कुणीही नव्हतं असं नव्हे. घरात सगळे होते. बाहेर पळालेला मी एकटा होतो.

आत काय झालं ते नंतर कळलं. मी पळालो तेव्हा आबा अर्धे उठले होते. चाळीस माणसं त्यांच्याकडे बघत होती. आबांनी समोर बघितलं, तर वर्तमानपत्रवाला गायब, पण त्याची बायको मांडी घालून बसलेली. मंगलने शांतपणे वाटी पुढे केली आणि वाढणाऱ्या बाईला म्हणाली, "थोडी आमटी घाला, पातळ नको." आबा हळूच खाली टेकले. चाळीस माणसं टेकली. वाढणारी बाई म्हणाली, "रोजचंच हाय ह्ये, पावनं. जेवा," आणि पंगत पुढे चालू झाली.

(परत येताना एसटीत मी मंगलला म्हटलं, "काय गं तुझी हिंमत." ती म्हणाली, "हिंमत कसली. पायाला मुंग्या आल्या होत्या, उठताच येईना. आणि पोरांना सोडून पळालात, ते घरी गेल्यावर बोलू.")

मी अंगणात जिलबीचं काय करावं या विचारात उभा असताना मागच्या दाराने सुरेखा आली. शालू, मुंडावळ्या, आणि हातात माझ्या चपला.

"काका, पाय भाजत्याल."

मी चपला घातल्या. "खरी झाली की हो तुमची बातमी," ती म्हणाली.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खरीच झाली होती. तोच रविवार, तोच मुलूख. जगाच्या पाठीवर कुठल्याही चौकटवाल्याला जे मिळालं नसेल ते मला मिळालं होतं, आणि मी स्वतः प्रत्यक्षदर्शी. आठ कॉलमी मथळा मला अंगणातच दिसायला लागला. माझा चेहरा तिने वाचला असावा.

"काका, एक मागू का?"

"माग की."

"ह्ये छापू नका." ती भराभर बोलायला लागली, आतून कुणी हाक मारायच्या आधी सगळं सांगायचं असल्यासारखी. "धक्क्याची दोन वळींची बातमी येतीच, ती कोण वाचत न्हाई. पर तिला ती कोंबडीची जोडू नका. आष्ट्यात समदी म्हणत्याल, हिचं लगीन लागलं आन् धरणी हालली. म्हस आटली तरी माझं नाव, दुकान बसलं तरी माझं नाव. मला तिथं जलम काढायचाय."

"पण जमीन इथे नेहमीच हलते, सुरेखा."

"मला ठावं हाय. पेपरात आल्यावर त्यास्नी ठावं राहायचं न्हाई."

आतून हाक आली. ती गेली.

सोमवारी ऑफिसात पाऊल टाकलं तर अण्णा माझ्या टेबलाशी उभे. हातात कच्चा मथळा: 'आमच्या दैनिकाचे भाकीत तंतोतंत खरे'. "अरे, तू होतास तिथे!" म्हणाले. "लिही. पहिलं पान तुझं." आठ-नऊ वर्षं चौथ्या पानावर काढलेल्या माणसाला हे वाक्य काय वाटतं, ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

"नाही लिहीत, अण्णा."

"का?"

सुरेखाचं नाव मी घेतलं नाही. म्हटलं, "उद्यापासून दोन जिल्हे कोंबड्या बघून अंगणात झोपतील. पुढच्या वेळी पिसवा झाल्या आणि जमीन हलली नाही, तर खुलासा कुठल्या पानावर घ्यायचा?"

अण्णांनी मथळ्याकडे पाहिलं. "स्वातंत्र्य म्हणत होतास ना? काहीही लिहायचं?"

"न लिहिण्याचंही असतं थोडंसं."

"थोडंसंच वापर," अण्णा म्हणाले, आणि मथळ्याचा कागद उलटा करून त्यावर हिशेबाची कसलीशी बेरीज मांडायला लागले. मंगळवारच्या अंकात दोन ओळी आल्या: कोयना परिसराला सौम्य धक्का, कोठेही नुकसान नाही. सुरेखा म्हणाली होती तसंच झालं, त्या कुणी वाचल्या नाहीत.

आता हे सगळं छापतोय ते तिला विचारूनच. ती आता मुख्याध्यापिका झालीय. फोनवर म्हणाली, "छापा की, काका. आता आमच्याकडं कुणाची म्हस न्हाई." पहिल्या पानाची हळहळ मला अजून होते, हे मात्र तिला सांगितलं नाही.

त्याच मंगळवारी दुपारी अण्णांनी कुलूप काढून दिलं. आजोबांचं पत्र येऊन पडलं होतं. त्यांच्या तळ्याकाठी काहीच घडलं नव्हतं, चौदाही कोंबड्या खुराड्यात शिरल्या होत्या, आणि ते जरा खचले होते. त्यांनी विचारलं होतं: 'मित्रा, रविवारी तुमच्याकडे काही झालं का? काहीही असेल तर कळव, मी लगेच पानावर घालतो. जग वाचेल.'

एकटा म्हातारा, चौदा कोंबड्या, घरामागे तळं. एका ओळीने त्याचा जन्म सार्थकी लागला असता. अण्णा घड्याळाकडे बघत होते. मी बोटं कळफलकावर ठेवली. मग लिहिलं, 'हो, झालं. लग्न झालं. सावली भरपूर होती.'